बिनकण्याच्यांची बडदास्त

लंडनमधल्या एका घरात १८४६ साली मोलकरणीच्या कामांत एक नवीन काम वाढलं. उघड्या खिडकीशी उभं राहायचं आणि अर्धा-पाऊण तास समुद्राचं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून परत पहिल्यात ओतत राहायचं. सांडायचं नाही, टाकून द्यायचं नाही, आणि हे कशासाठी ते शेजारणीला समजावून सांगता येईल अशी आशाही ठेवायची नाही. मालकीण ॲना थिन टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेल्या असताना तिथले जिवंत प्रवाळ घेऊन आल्या होत्या आणि त्यांच्या पाण्यात हवा मिसळावी म्हणून ही ओताओत चालली होती. थिनबाईंचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीत धर्माधिकारी होते. म्हणजे देवाची सेवा यजमानांकडे, प्रवाळांचं कौतुक बाईंकडे आणि प्रत्यक्ष काम मोलकरणीकडे, अशी चोख वाटणी होती. प्रवाळ जगले, वाढले. थिनबाई मत्स्यालयांच्या इतिहासात जाऊन बसल्या.

ती मोलकरीण खरं तर समुद्राची बदली कामगार होती. समुद्र पाणी घुसळतो, गाळतो, तापवतो, निववतो, मेलेलं कुजवून जिरवतो, आणि या कशाचं बिल पाठवत नाही. त्यामुळे त्याच्या कामाचा पसारा कुणाच्या लक्षात येत नाही. तो लक्षात येतो दिवाणखान्यात काचेची टाकी ठेवून तीत प्रवाळ पाळायचं ठरवल्यावर. मग समुद्राच्या एकेका कामावर एकेक माणूस किंवा यंत्र नेमावं लागतं आणि ते सगळे एकदमच रजेवर जाणार नाहीत हे पाहावं लागतं.

हल्लीच्या रीफ टँकवाल्याकडे मोलकरीण नसते, वेव्हमेकर असतो. हा पंप लाटांची नक्कल करतो. सूर्याच्या जागी निळसर एलईडी दिवे असतात. ते सकाळी सावकाश उजाडतात आणि रात्री सावकाश मावळतात. मालक मात्र अलार्मने दचकून उठतो. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायला हीटर लागतो, उन्हाळ्यात चिलर लागतो आणि या दोघांनी एकाच वेळी चालू राहून एकमेकांवर विजेचं बिल फाडू नये म्हणून कंट्रोलर लागतो. शिवाय प्रोटीन स्किमर. तो पाण्यात बारीक बुडबुडे सोडून विरघळलेली घाण फेसाबरोबर वर काढतो. त्याच्या कपात रोज जो काळपट, उग्र वासाचा काढा जमतो तो पाहून मालकाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, त्यात घरातलं दुसरं कोणीही सहभागी होत नाही.

पाण्याची गोष्ट तर आणखी न्यारी. नळाचं पाणी चालत नाही. ते आरओ आणि डीआय फिल्टरमधून काढून त्यातले सगळे क्षार हाकलून द्यायचे, मीटरवर शून्य आकडा दिसला की खूश व्हायचं, आणि मग त्यात विकतचं मीठ घालायचं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. दोनशे लिटरच्या टाकीला सात किलो झालं. पुढे रोज पाण्याची वाफ होते, पण मीठ जागच्या जागी राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी भरायचं ते गोडं. समुद्रात हे काम पाऊस आणि नद्या बिनबोभाट उरकतात. घरात त्यासाठी सेन्सर, छोटा पंप आणि बादली असा तिघांचा स्वतंत्र विभाग उघडावा लागतो. नवशिका तिथेही खारं पाणी ओततो, आणि महिन्याभरात प्रवाळांची ताजी लोणची तयार होऊ लागतात.

एवढ्या यंत्रांवाचून कुणी प्रवाळ पाळलेच नाहीत, असं मात्र नाही. इंडोनेशियातले ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत सांगितली. समुद्रातले जिवंत दगड आणायचे, म्हणजे ज्यांच्या भोकाभोकांत जिवाणू, किडे आणि शेवाळ राहतं असे दगड. त्यांवर ऊन पडू द्यायचं, हवेचे थोडे बुडबुडे सोडायचे, आणि बाकीचं दगडांवर सोपवायचं. वाचणारे चकित झाले. ली चिन एंग यांच्याकडे उष्णकटिबंधातलं ऊन होतं आणि ताज्या पाण्याला जवळच अख्खा समुद्र होता, एवढीच काय ती अडचण. ढगाळ युरोपात ती पद्धत पोचली तेव्हा दगड तेवढे कायम राहिले. भोवतीनं स्किमर, प्रखर दिवे आणि चुन्याची निवळी आली. ही निवळी शाळेच्या प्रयोगशाळेतलीच, फुंकर घातली की दुधाळ होणारी. प्रवाळांना सांगाडा बांधायला कॅल्शियम लागतं, ते निवळीतून मिळतं. शाळेत हा प्रयोग ज्यांनी बाकाखाली झोपून काढला, त्यांना तो चाळिशीत रोज रात्री करावा लागतो.

सगळं जमलं, पाणी भरलं, दिवे लागले की पहिला पाहुणा टाकीत सोडायचा. हा पाहुणा म्हणजे बाजारातून आणलेली मेलेली कोळंबी. ती खायची नाही, कुणाला खायलाही घालायची नाही; नुसती कुजू द्यायची. कुजताना अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट करतात, आणि हे दोन्ही कारखाने पूर्ण क्षमतेनं सुरू व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. तोवर दीड-दोन हजार डॉलरच्या सामग्रीत एक सडकी कोळंबी एकटीच नांदत असते. घरातली मंडळी रोज विचारतात, मासे कधी येणार? मालक काचेच्या नळीत पाणी घेतो, त्यात थेंब टाकतो, रंग कार्डाशी ताडून बघतो आणि ‘अजून हिरवट आहे’ असं म्हणतो. हे उत्तर ऐकून प्रश्न विचारणारा हळूहळू विचारायचं बंद करतो.

अमोनिया शून्यावर आला म्हणून सुटका नाही. यानंतर येतो तो कुरूप काळ. आधी वाळूवर तपकिरी डायॅटमची साय धरते, मग लालसर चिकट सायनोबॅक्टेरियाची चादर पसरते, मग दगडांना हिरवे केस फुटतात. नेमकं याच सुमारास ‘तुमचा तो समुद्र बघायला’ म्हणून मित्र येतात. बघतात, मान हलवतात आणि ‘छान आहे, नॅचरल वाटतं’ असं म्हणून चहाकडे वळतात. जाणत्यांचा सल्ला असतो, काही करू नका, हे आपोआप जातं. पण ज्यानं इतकी यंत्रं घेतली त्याला काही न करणं जमणार कसं? तो नायट्रेट शोषणाऱ्या गोळ्या आणतो, फॉस्फेट शोषणारी पूड आणतो, दोन्ही आकडे शून्यावर आणून दाखवतो. आणि त्या निर्मळ पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाचं, आधीच्या सगळ्यांहून चिवट प्रकरण उगवतं. प्रतिस्पर्धी उपाशी मरतात तिथे याला मोकळं रान मिळतं. मग तोच मालक त्याच दुकानात जाऊन नायट्रेटची बाटली विकत घेतो आणि मोजून थेंब थेंब टाकीत घालू लागतो. दुकानदार दोन्ही वेळा मनापासून शुभेच्छा देतो.

शेवाळ खायला सफाई कामगार नेमले जातात. टर्बो गोगलगाय काच आणि दगड झपाट्यानं साफ करते, पण तिला वजनाचा अंदाज नसतो. वाटेतल्या प्रवाळाचा तुकडा पाडून ती पुढे जाते आणि मालक कोपरापर्यंत हात घालून तो परत लावतो. शंखात राहणारे हर्मिट खेकडे कामाला बरे. पण अंग वाढलं की त्यांना मोठं घर हवं असतं, आणि मोठ्या घरात गोगलगाय राहत असते. ते गोगलगायीला मारून तिचा शंख बळकावतात. यावर उपाय म्हणून वेगवेगळ्या मापांचे रिकामे शंख विकत आणून टाकीत ठेवतात. म्हणजे झाडूवाल्याला पगार तर आहेच, वर निवासस्थानही, नाहीतर तो सहकाऱ्याचा खून करतो.

त्याहून मजेदार कामगार म्हणजे टक्सिडो अर्चिन, काळपट-निळा काटेरी चेंडू. शेवाळ खात खात तो फिरतो आणि दिसेल ते उचलून डोक्यावर घेतो: शिंपल्याचा तुकडा, प्रवाळाचं रोप, एखादी बेसावध गोगलगाय. ही त्याची लपण्याची रीत आहे. काही हौशी मंडळींनी थ्री-डी प्रिंटरवर त्याच्यासाठी इवल्या हॅट छापून टाकीत ठेवल्या. तो त्या घालून हिंडतो. आपण लपलो आहोत अशी त्याची खात्री असते.

तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची क्लीनर कोळंबी मालकाला पहिला शोक घडवते. एके सकाळी ती वाळूवर निपचित पडलेली दिसते, मिशांसकट. मालक हळहळतो, पाण्याच्या पाच चाचण्या करतो, दोष कुणाचा यावर घरात चर्चा होते. संध्याकाळी कोळंबी दगडामागून बाहेर येते, सकाळपेक्षा थोडी मोठी. सकाळी पडली होती ती तिची कात. नवं कवच कडक होईपर्यंत ती लपून बसली होती, इतकंच. पण तिला खरोखर मारायचा सोपा मार्गही मालकाच्या कपाटात असतो: माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं तांबं असलेलं औषध. कोळंबीचं रक्त तांब्याच्याच जोरावर प्राणवायू वाहतं, म्हणून ते निळसर असतं. तरी पाण्यात विरघळलेलं तांबं तिला आणि बहुतेक बिनकण्याच्या प्राण्यांना सोसत नाही. म्हणून आजारी माशाला दुसऱ्या टाकीत हलवावं लागतं. अशा रीतीनं घरात दुसरी टाकी येते. तिसरीची कारणं पुढे सुचतात.

आता ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते प्रवाळ. प्रवाळ दिसतो झाडासारखा, असतो प्राणी, आणि जेवण बऱ्याच अंशी एका शेवाळाच्या हातचं जेवतो. त्याच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं. ते प्रकाशावर साखर करतं आणि यजमानाच्या ऊर्जेच्या गरजेतला नव्वद टक्क्यांपर्यंतचा वाटा पुरवतं. पाणी फार तापलं की हे नातं तुटतं, शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरा फटक पडतो. म्हणून तर अर्ध्या अंशासाठी मालकाची झोप उडते.

दिवसा स्थिर, शांत, ध्यानस्थ दिसणाऱ्या या मंडळींची खरी वृत्ती रात्री कळते. गॅलॅक्सियासारखे प्रवाळ अंधार पडला की लांबलचक डंखधारी तंतू बाहेर सोडतात आणि शेजाऱ्याच्या हद्दीत ते फिरवून येतात. काही जण त्याहून पुढे जातात: पोटातले पाचक तंतूच बाहेर काढून शेजाऱ्याला त्याच्या जागेवर पचवायला घेतात. मऊ लेदर प्रवाळ हात न लावता, पाण्यात रसायनं सोडून काम भागवतात. कोकणात नि देशावर बांधाच्या एका फुटावरून तीन पिढ्या कोर्टात जातात. इथे तेवढ्याच जागेचा निकाल एका रात्रीत लागतो आणि हरलेल्याचा सांगाडा सकाळी पांढरा दिसतो. शहाणा मालक दोघांत वीतभर अंतर ठेवतो. मग ते वाढतात आणि अंतर आपोआप संपतं.

या भांडकुदळांची किंमत इंचावर, कधी कधी तर पॉलिपच्या, म्हणजे प्रवाळातल्या एकेका इवल्या जिवाच्या, संख्येवर ठरते. अमेरिकेतल्या बाजारात त्यांना भारी नावं असतात. ॲक्रोपोरा गटातल्या एका प्रवाळाचं नाव ‘होमरेकर’, म्हणजे संसार उधळणारा. नखाएवढ्या तुकड्याची किंमत ऐकली की नाव ठेवणाऱ्याचा प्रामाणिकपणा पटतो.

विकत घेतलेल्याबरोबर न घेतलेलेही येतात. दगडाच्या भोकातून एके दिवशी काचेसारखं पारदर्शक, गोंडस समुद्रपुष्प डोकावतं. नवशिक्याला वाटतं, फुकट मिळालं. ते असतं एप्टेशिया. त्याला चिमट्यानं ओढलं तर मागे राहिलेल्या कपट्यातून नवीन उगवतं; घाईनं कापलं तर एकाची चार होतात. त्याच्यावर बर्गिया नावाची चिमुकली गोगलगाय सोडतात. ती एप्टेशियाशिवाय दुसरं काहीच खात नाही. ती काम संपवते आणि कामाबरोबर स्वतःही संपते, कारण पुढचं जेवण उरलेलं नसतं.

इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या न्यूकी इथल्या ब्लू रीफ मत्स्यालयाला तर २००९ साली याहून मोठा पोटभाडेकरू सापडला. तिथे रात्रीतून प्रवाळ कापले जात होते, मासे जखमी होत होते, आणि कोण करतंय ते दिसत नव्हतं. कर्मचाऱ्यांनी आमिष लावून सापळे ठेवले. सकाळी सापळे मोडलेले, आमिष गायब. शेवटी देखावाच दगडादगडानं उकलला, तेव्हा आत सुमारे चार फुटांचा, भक्कम जबड्यांचा समुद्री किडा निघाला. त्याला काय शिक्षा झाली असावी? त्याचं नाव बॅरी ठेवण्यात आलं आणि त्याला राहायला स्वतंत्र टाकी देण्यात आली.

क्वचित हे बिनकण्याचे जीव घरच्या माणसांवरही उलटतात. झोअँथिड गटातले काही प्रवाळ पॅलिटॉक्सिन बाळगतात. समुद्रातल्या अतिजहाल विषांत त्याची गणना होते. हे प्रवाळ रंगीत, स्वस्त आणि मरायला कठीण, म्हणून नवशिक्यांना आवर्जून सुचवले जातात. २०१८ मध्ये ऑक्सफर्डशरमधल्या स्टीव्हेंटन गावी एका घरात टाकीतला प्रवाळ बाहेर काढून साफ करण्यात आला. विष हवेत मिसळलं आणि घरातल्यांबरोबर मदतीला धावून आलेल्या अग्निशामक जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. तेव्हा असा दगड उकळायचा नाही, घासायचा नाही, हात लावायचा तो हातमोजे घालून. वरण उतू गेलेल्या पातेल्याशी वागतो तसं याच्याशी वागायचं नसतं, हे घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

भारतात या छंदाची वाट कायद्यानंच अडवलेली आहे. २००१ साली खडक बांधणारे सर्व प्रवाळ आणि समुद्री पंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला. समुद्री काकड्या आणि समुद्री घोडेही तेव्हा तिथेच बसले. त्यामुळे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घालून प्रवाळ बघता येतात, त्यांतला तुकडा खिशात घालून आणता येत नाही. दिवाणखान्यात वाघ बांधायची हौस ज्यांना नाही, त्यांनी प्रवाळाचीही धरू नये.

बाहेरच्या देशांत मात्र समुद्राच्या जागी बदली नेमण्याची हौस चंद्रापर्यंत गेली आहे. प्रवाळ बहुधा वर्षातल्या मोजक्याच रात्री, पौर्णिमेच्या आगेमागे, बीजं पाण्यात सोडतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘प्रोजेक्ट कोरल’ सुरू केला. ज्या समुद्रातून प्रवाळ आले तिथलं वर्षभराचं तापमान, तिथल्या दिवसाची लांबी आणि तिथला चंद्र, सगळं संगणकावरून टाकीवर लावलं. कृत्रिम पौर्णिमा झाली, कृत्रिम अंधार पडला, आणि प्रवाळांनी ठरल्या मुहूर्तावर खरीखुरी बीजं सोडली. चार जातींच्या ॲक्रोपोराचा हा वृत्तांत २०१७ साली शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. उजाड खडकांवर पुन्हा प्रवाळ वसवायला ही विद्या फार उपयोगाची आहे. घरच्या टाकीवाल्यानं त्यातून घेतलेला बोध वेगळाच: दिव्यांना चंद्राचं बटण नाही, म्हणजे दिवे बदलायला हवेत.

ही सेवा किती वर्षं चालेल, याचा हिशोब आधी कुणी सांगत नाही. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प घरी आणलं आणि काचेच्या भांड्यात ठेवलं. सर जॉन १८५१ मध्ये वारले. समुद्रपुष्पाला त्याचं काही वाटलं नाही. ते दुसऱ्या अभ्यासकाकडे गेलं, मग तिसऱ्याकडे, आणि ‘ग्रॅनी’ या नावानं एडिंबरात प्रसिद्ध झालं. १८८७ मध्ये ग्रॅनी गेली तेव्हा ‘द स्कॉट्समन’ या वृत्तपत्रानं तिचा मृत्युलेख छापला. म्हणजे पाणी बदलायला माणसं बदलत राहिली तरी चालतं, काम थांबलं नाही म्हणजे झालं.

त्यामुळे रीफवाल्याच्या घरी सुट्टीचा बेत निघाला की पहिला प्रश्न तिकिटांचा नसतो, शेजाऱ्याचा असतो. शेजाऱ्याला चार पानी सूचना लिहून दिल्या जातात. खाणं रोजच्या पुड्यांत बांधून ठेवलं जातं, कारण परका माणूस दया येऊन डबा ओततो. स्किमरचा कप, पाण्याची बादली, इन्व्हर्टरचं बटण दाखवून होतं. मग कुटुंब खरे प्रवाळ बघायला मालदीवला जातं. तिथे समुद्र आपली सगळी कामं स्वतः करत असतो, चंद्रासह. मालक तासभर पालथा तरंगतो, नावेवर येतो, आणि अंग पुसायच्या आधी फोन पुसतो. कंट्रोलरचा इशारा आलेला असतो: टाकी एकोणतीस अंश! तो शेजाऱ्याला फोन लावतो. झाकण काढा, पंखा लावा, हीटर बंद करा. नावाडी दुसऱ्या बुडीसाठी हाका मारतो, बायको डोळ्यांनी मारते. तिकडून शेजारी म्हणतो, “पंखा लावला हो. पण ते तुमचं काटेरी चेंडूवालं बाळ आहे ना, ते एक वायर डोक्यावर घेऊन हीटरला चिकटून बसलंय. थर्मामीटरची आहे वाटतं. तिथेच राहू द्यायची का?”